चाळिशीतला पांढरा पट्टा

आपल्या वस्त्यांमध्ये आता संध्याकाळी कराटे, तायक्वांदो, ज्युदोचे क्लास चालतात. कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे समाजमंदिरात, कुठे नुसत्या पटांगणात. मुले-मुली पांढरे ड्रेस घालून रांगेत उभी असतात आणि त्यांचे आईबाप बाहेर गाडीला टेकून तासभर थांबलेले असतात. मुलांच्या फीचे पैसे पोटाला चिमटा घेऊन भरणाऱ्या या आईबापांचे कौतुकच केले पाहिजे. पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुम्ही आत का जात नाही?

उत्तरे ठरलेली आहेत. आता वय झाले. गुडघे दुखतात. ऑफिसातून यायला उशीर होतो. लोक हसतील. त्यातले शेवटचे उत्तर खरे असते, बाकीची त्याच्यावर घातलेली पांघरुणे असतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने, त्यातही बाईने, पांढरा पट्टा बांधून पोराटोरांच्या मागे उभे राहायचे, ही कल्पनाच अवघड वाटते. म्हणून या लेखाचा विषय हाच: मोठेपणी, नवशिका म्हणून, लढण्याची कला शिकायला जाणे. हा विषय हौसेचा आहे असे वरवर वाटेल. आपल्यासाठी तो तेवढाच नाही.

कारण उशीर आपण केलेला नाही. तो आपल्यावर लादला गेला. गावची तालीम बहुतेक ठिकाणी मारुतीच्या देवळाला लागून. ज्याला देवळाची पायरी बंद, त्याला आखाड्याची माती कुठून मिळणार? आपल्या पूर्वजांच्या अंगात ताकद नव्हती असे कोण म्हणेल! गावाची वेस राखणारे, सरकारी खजिना पोहोचवणारे, रात्री-अपरात्री निरोप घेऊन कोसाकोसावर धावणारे तेच होते. त्यांच्या हातात काठीही होती. पण ती काठी वतनाची होती. ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी उचलायची आणि स्वतःच्या बायकापोरांवर हात पडला तर खाली ठेवायची, असा त्या गावगाड्याचा कायदा होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले आणि कायद्याने ही वतने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. शरीर आपले, घाम आपला, पण त्या शरीरावर हक्क गावाचा, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवस्थेला छेद देणारी माणसेही याच मातीत होऊन गेली. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मातंग समाजातल्या या वस्तादाकडे दांडपट्टा, लाठी, नेमबाजी शिकायला सर्व जातींची तरुण मुले येत. तरुण जोतिराव फुले त्यांच्यापैकीच एक. ज्यांना विद्या नाकारली गेली त्यांच्यातलाच एक जण सगळ्यांचा गुरू होऊन उभा राहिला, ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. पण वस्तादाचे नाव घेणारे आपण वस्तादाची विद्या किती घेतो? पुढे महाडच्या लढ्याच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. लष्करभरतीचे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले होते, ते बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी पुन्हा उघडले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. म्हणजे शरीराचे शिक्षण हा चळवळीच्या बाहेरचा विषय कधीच नव्हता.

आज परिस्थिती पालटली आहे. शिक्षणामुळे आपली एक पिढी खुर्चीवर बसली. बँकेत, शाळेत, तहसील कचेरीत, रेल्वेत काम करू लागली. ही बाबासाहेबांची पुण्याई आहे. पण ज्या बापाने गिरणीत आठ तास उभे राहून काम केले, त्याचा मुलगा आठ तास बसून काम करतो आणि चाळिशीतच साखर, रक्तदाब, कंबरदुखी घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून तीन दिवस तास-तासभराचा क्लास केला तर हा हिशेब सहज पुरा होतो. पण फक्त साखर कमी करायची असेल तर सकाळी चालायला गेलेलेही पुरते. लढण्याची कला त्यापलीकडे काय देते, ते पाहू.

उदाहरणादाखल ज्युदो घेऊ. ज्युदोचा संस्थापक जिगोरो कानो हा १८६० साली जपानमध्ये जन्मलेला, अंगाने लहानखुरा, अभ्यासू मुलगा. शाळेत दांडगट मुले त्याला छळत. म्हणून तो १८७७ साली जुजुत्सू ही जुनी कुस्तीवजा विद्या शिकायला गेला. त्या काळी जपान नव्या सुधारणांच्या मागे लागला होता आणि ही विद्या शिकवणारे जुने वस्ताद अडगळीत पडले होते. कानोने त्यांच्याकडून शिकून घेतले, जीवघेणे डाव बाजूला काढले, उरलेल्यांची नीट मांडणी केली आणि १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या बारा चटयांएवढ्या जागेत कोदोकान ही संस्था काढली. सुरुवातीला विद्यार्थी होते जेमतेम नऊ. पुढे तो शिक्षक घडवणाऱ्या सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. म्हणजे हा माणूस आधी शिक्षक होता, पैलवान नंतर. शक्तीचा उत्तम उपयोग आणि परस्परांचे कल्याण ही दोन तत्त्वे त्याने आपल्या विद्येच्या मुळाशी ठेवली.

अशा क्लासला पहिल्या दिवशी गेलेल्या माणसाला वाटते, आता आपल्याला कुणाला तरी आपटायला शिकवतील. पण तसे होत नाही. पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात. मागे पडायचे, कुशीवर पडायचे, पुढे कोलांटी घेऊन पडायचे. हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोके आपटत नाही. पडताना हात टेकून सावरायचे नाही, कारण त्यात मनगट नाही तर गळपट्टीचे हाड मोडते. उलट सबंध हात तळव्यासकट मॅटवर जोरात आपटायचा, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. मोठ्या माणसाला हे जड जाते. लहान मूल दिवसातून दहादा पडते आणि हसत उठते. आपण पडायचे विसरलेलो असतो. शरीर आखडते, श्वास रोखला जातो, डोळे मिटतात. ही भीती शब्दांनी जात नाही. शंभर वेळा पडून शंभर वेळा उठल्यावरच ती जाते. महिनाभराने कधीतरी ध्यानात येते की पडलो तरी काही झाले नाही आणि उठून उभे राहताना खांदे सरळ झालेले आहेत.

आपल्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. साहेबासमोर आवाज आपोआप खाली जाणे, भाड्याचे घर बघायला गेल्यावर आडनाव विचारताच पोटात गोळा येणे, गावी गेल्यावर चावडीसमोरून जाताना पाऊल नकळत झपझप पडणे, हे आपल्यापैकी कितीजणांनी अनुभवले असेल! वाचनाने विचार बदलला, कायद्याने हक्क दिले, तरी शरीराची जुनी सवय मागे राहते. ती पिढ्यांनी लावलेली असते. ती मोडायला शरीरानेच काम करावे लागते.

दुसरी गोष्ट वाकण्याची. ज्युदो-कराटेत मॅटवर पाय ठेवताना, सरावाआधी आणि सरावानंतर वाकून अभिवादन करतात. आपल्यातल्या काही जणांना हे खटकते आणि ते खटकणे मी समजू शकतो. जोहार घालून घालून ज्यांच्या बापजाद्यांची कंबर मोडली, त्यांना कुणापुढेही वाकणे नको वाटणारच. पण तिथे नीट बघा. विद्यार्थी वाकतो तसा शिक्षकही वाकतो. काळा पट्टावाला पांढऱ्या पट्ट्यासमोर तेवढाच वाकतो. जोहार एकाच बाजूने घातला जायचा. इथे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मान लवते. ‘तुझ्या शरीराची काळजी घेऊन मी तुझ्याशी लढेन’ असा त्याचा अर्थ. आणि जोडीदाराने पकड घट्ट केली, सहन होईना, तर हाताने दोनदा थोपटायचे. थोपटताक्षणी त्याने सोडलेच पाहिजे. न सोडणाऱ्याला मॅटवर जागा नाही. दुर्बळाच्या एका खुणेवर बलवानाने थांबायचे, हा नियम जिथे पाळला जातो ती जागा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पट्ट्याची. कानोने शिकणाऱ्यांसाठी ‘क्यू’ आणि ‘दान’ अशा पायऱ्या ठरवल्या. त्याच्या काळी मुख्यतः पांढरा आणि काळा हेच पट्टे होते. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशी रंगांची शिडी १९३० च्या दशकात युरोपात रूढ झाली. मोठ्या माणसांना लवकर यश दिसले नाही तर ती सोडून जातात, रंग बदलत गेला की टिकतात, असा त्यामागचा अनुभव. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात आणि त्याचा अर्थ होतो सुरुवातीची पायरी. लोक ज्याला शेवट समजतात तिथे खरे शिक्षण सुरू होते.

कुणी म्हणेल, ही सुद्धा उतरंडच झाली! मग आपण तिला विरोध का करू नये? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्या शिडीवर प्रत्येकाची पायरी जन्माने ठरते. कितीही मेहनत करा, वरच्या पायरीवर जाता येत नाही. क्लासमधल्या शिडीवर सगळे एकाच पायरीवरून सुरू करतात. तहसीलदार असो की त्याचा शिपाई, पहिल्या दिवशी दोघांचा पट्टा पांढरा, दोघांचा ड्रेस सारखा. वर जायचे ते सरावाने, आणि जो वर गेला त्याने खालच्याला हात देऊन वर घ्यायचे. पंचेचाळीस वर्षांच्या अधिकाऱ्याला चौदा वर्षांची हिरव्या पट्ट्याची मुलगी पाय कुठे ठेवायचा ते दाखवते आणि तो निमूटपणे ऐकतो. आपल्या समाजातल्या शिकलेल्या माणसाला याचीही गरज आहे, हे स्पष्टच बोलले पाहिजे. पद मिळाले, गाडी आली, की आपल्यातलेही काहीजण शिकण्याचे सोडून फक्त शिकवू लागतात. ‘शिका’ हा पहिला आदेश वयाची अट घालून दिलेला नाही.

अर्थात ही शिडीही आपोआप निर्मळ राहत नाही. केइको फुकुदा यांची हकीकत आपल्या वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, लक्षात ठेवण्यासारखी आहे. कानो ज्यांच्याकडे पहिल्यांदा शिकला त्या वस्तादांची ही नात. उंची पाच फुटांहून कमी. कानोच्या निमंत्रणावरून १९३५ साली वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी ज्युदोला सुरुवात केली. पाचव्या दानपर्यंत पोचल्या आणि तिथे त्यांना थांबवण्यात आले. चूक काय? तर बाई असणे. बायकांना त्यावरची पायरी द्यायचीच नाही असा रिवाज होता. वर्षामागून वर्षे त्या शिकवत राहिल्या, त्यांच्या बाजूने आवाज उठला, तेव्हा १९७२ साली सहावा दान मिळाला. २०११ साली अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याण्णव होते. २०१३ साली त्या गेल्या. अमेरिकेत रस्टी कानोकोगी या स्त्रीने १९५९ साली पुरुषाच्या वेशात स्पर्धा लढून पदक जिंकले. बाई असल्याचे कळताच ते काढून घेतले गेले. तेच पदक तिला परत मिळायला २००९ उजाडले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ साली आला, स्त्रियांचा १९९२ साली. जिथे गुण मोजायचा तिथेही लोक जन्म मोजू लागतात आणि मग तिथेही लढावे लागते. हे आपल्याला नवे नाही.

आपल्या माता-भगिनींचा मुद्दा म्हणूनच वेगळा मांडतो. दोन घरची धुणीभांडी करून, दवाखान्यातली रात्रपाळी संपवून, शेवटच्या लोकलने एकटीने घरी येणारी बाई आपल्याच घरातली असते. ‘आता काय शिकायचे’ हे तिने म्हणावे असे पुरुषांना सोयीचे वाटते. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत एक मोठा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. धोका ओळखणे, ठाम आवाजात नकार देणे आणि प्रत्यक्ष प्रतिकार यांचे अवघे बारा तासांचे शिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्काराचे प्रमाण सुमारे पाच टक्के, तर फक्त माहितीपत्रके मिळालेल्या मुलींमध्ये ते जवळजवळ दहा टक्के आढळले. त्या शिक्षणात ठोसे-लाथांइतकेच महत्त्व आवाजाला होते. ‘नाही’ हा शब्द पोटातून, मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून उच्चारणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. पण यावरून अत्याचाराची जबाबदारी बाईवर ढकलणाऱ्यांना मात्र ठणकावले पाहिजे. गुन्हा करणाराच गुन्हेगार असतो, शिकलेली नसणे हा बाईचा दोष नव्हे.

आता या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर ती फसवणूक होईल. सिनेमात एकटा नायक वीस जणांना लोळवतो. प्रत्यक्षात जमावापुढे कोणताही पट्टा चालत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारले. तिथे कराटे येत असते तर असे झाले नसते, असे कुणी म्हणत असेल तर त्याला जातीय अत्याचार म्हणजे काय हे कळलेले नाही. जमावाला उत्तर संघटनेचे, कायद्याचे आणि राज्यसत्तेचे असते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे आपले शस्त्र आहे, आणि वेळेवर नोंदवलेली फिर्याद ही कोणत्याही ठोशापेक्षा दूरवर जाते. स्वसंरक्षणाचा हक्कही कायद्यानेच दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. म्हणून चांगला वस्ताद मारण्याआधी थांबायला शिकवतो, आणि शक्य असेल तिथे निघून जायला शिकवतो.

थांबण्याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या आपल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. अनेकांची डोकी फुटली. आपल्या बाजूला लष्करातून निवृत्त झालेली माणसे होती, बाबासाहेबांच्या एका शब्दाची शेकडो जण वाट बघत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी सगळ्यांना शांत ठेवले, फिर्याद दिली, आणि त्याच वर्षी हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा केली. मारण्याची ताकद असताना न मारणे ही शिस्त आहे, दुबळेपणा नाही. आणि ही शिस्त ज्याच्या अंगी ताकद आहे त्यालाच दाखवता येते.

ज्यांना हे पटले त्यांनी करायचे काय? आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, हृदय तपासून घ्यावे. दोन-तीन क्लास नुसते बसून बघावेत. शिक्षक मोठ्यांना वेगळे शिकवतो का, अंग तापवायला वेळ देतो का, ज्युदो असेल तर खाली जाड मॅट आहे का, हे बघावे. शहाबादी फरशीवर पडण्याचा सराव करून घेणारा शिक्षक असेल तर तिथून निघावे. दर दोन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी आणि दीड वर्षात काळा पट्टा, अशी हमी देणाऱ्याकडे विद्या नसते, दुकान असते. पहिले तीन महिने जोर न लावता शिकावे. चाळिशीनंतर टाचेमागची शीर आणि गुडघा एका झटक्यात जायबंद होतात आणि भरून यायला महिने लागतात. विसाव्या वर्षाच्या पोराशी बरोबरी करू नये. अमेरिकेतला नामांकित बल्लवाचार्य-लेखक अँथनी बोर्डेन पन्नाशी उलटल्यावर ज्युदोतूनच निघालेले ब्राझिलियन जुजुत्सू शिकायला लागला आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत आपल्या वयोगटात त्याने सुवर्णपदक घेतले. वयोगट असतात ते यासाठीच.

जिथे क्लासची फी परवडत नाही तिथे आपण सामुदायिक विचार केला पाहिजे. आपली विहारे आणि समाजमंदिरे संध्याकाळी अनेकदा रिकामी असतात. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशांत एका हॉलच्या मॅट येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. आपल्यात सैन्यातून, पोलीस दलातून निवृत्त झालेली माणसे आहेत, लाठीकाठी जाणणारे जुने कार्यकर्ते आहेत, राज्य पातळीवर खेळलेल्या मुली आहेत. त्यांना सन्मानाने बोलवावे. आठवड्यातले तीन दिवस ठरवावेत. एक तास मुलांचा, आणि त्यानंतरचा एक तास बाहेर थांबलेल्या आईबापांचा.

लोक हसतील, हे खरे. रात्रशाळेत पाटी घेऊन बसलेल्या आपल्या आजोबांनाही लोक हसलेच होते. त्यांनी चाळिशीत अक्षरे गिरवली म्हणून आपण आज हा पेपर वाचतो आहोत.